उतारवयात मणक्यांची नळी अरुंद होणे : शस्त्रक्रियेचे पर्याय

पाठीच्या कण्यातून मज्जारज्जू आणि त्यापासून निघणारे मज्जातंतू ज्या नळीतून जातात, ती नळी वयोमानानुसार अरुंद होते, तेव्हा त्या विकाराला वैद्यकीय परिभाषेत 'स्पायनल स्टेनोसिस' असे म्हणतात. रुग्णांच्या बोलण्यात हा विकार 'नस दबली आहे' किंवा 'मणक्यात गॅप आला आहे' अशा शब्दांत येतो. यांपैकी पहिले वर्णन बरेचसे बरोबर आहे. दुसरे मात्र दिशाभूल करणारे आहे, कारण येथे जागा वाढलेली नसते, तर कमी झालेली असते. नेदरलँड्समधील मज्जाशल्यचिकित्सक हेंक व्हर्बीस्ट यांनी १९५४ साली कमरेच्या भागातील अरुंद नळी आणि चालताना पायांत होणारी वेदना यांचा संबंध सविस्तर मांडला.

मज्जारज्जू साधारणपणे कमरेच्या पहिल्या किंवा दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली नळीत तंतूंचा जुडगा लोंबत असतो, म्हणून शरीरशास्त्रात त्याला 'घोड्याची शेपटी' या अर्थाचे लॅटिन नाव मिळाले. वय वाढते तशी मणक्यांमधील चकती झिजून खाली बसते, मागच्या बाजूचे छोटे सांधे वाढतात आणि नळीच्या आतून असलेला पिवळसर अस्थिबंध जाड होऊन आत दुमडतो. तिन्ही बाजूंनी अतिक्रमण झाल्यामुळे तंतूंना जागा उरत नाही. कमरेचा चौथा व पाचवा मणका यांच्यामध्ये हे सर्वाधिक आढळते.

ताठ उभे राहिल्यावर ही नळी आणखी अरुंद होते आणि पुढे वाकल्यावर थोडी मोकळी होते. या विकाराची बहुतेक लक्षणे या एका गोष्टीवरून समजू शकतात. रुग्ण काही अंतर चालला की नितंब, मांड्या व पोटऱ्या जड होतात, मुंग्या येतात, आणि बसावेच लागते. बसल्यावर काही मिनिटांत आराम पडतो. सायकल चालवताना मात्र तोच रुग्ण तक्रार करीत नाही, कारण तेव्हा तो पुढे वाकलेला असतो. चढापेक्षा उतार अवघड वाटतो. पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यासही चालताना पोटऱ्या दुखतात, परंतु त्यात नुसते थांबून उभे राहिले तरी वेदना शमते, बसण्याची गरज पडत नाही. मधुमेह आणि तंबाखूचे व्यसन असलेल्या वृद्धांत हे दोन्ही विकार एकत्र असू शकतात. त्यामुळे पावलांच्या नाड्या तपासल्याशिवाय मणक्याच्या शस्त्रक्रियेचा निर्णय घेणे उचित नव्हे.

एमआरआय चित्रावरूनही एकट्याने निर्णय होत नाही. १९९० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत पाठीची कोणतीही तक्रार नसलेल्या ६७ व्यक्तींचे एमआरआय काढण्यात आले. त्यांतील साठी ओलांडलेल्यांपैकी २१ टक्के जणांची नळी अरुंद दिसली होती. म्हणजे अहवालातील 'स्टेनोसिस' हा शब्द आणि रुग्णाची वेदना यांची सांगड घालण्याचे काम शेवटी डॉक्टरांनाच करावे लागते.

लघवी अडणे किंवा नकळत होणे, गुदद्वाराभोवतीचा भाग बधिर होणे, पायातील शक्ती झपाट्याने कमी होणे ही लक्षणे दिसल्यास मात्र वाट पाहू नये. ती तातडीची अवस्था असते आणि रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे लागते. मानेच्या भागात नळी अरुंद झाली असेल तर प्रश्न तंतूंचा नसून प्रत्यक्ष मज्जारज्जूचा असतो. सदऱ्याची बटणे लावता न येणे, अक्षर बिघडणे, चालताना तोल जाणे ही त्याची चिन्हे असून तेथे निर्णय लांबवणे हिताचे नसते.

कमरेच्या सर्वसाधारण रुग्णाची स्थिती अशी नसते. अनेकांची लक्षणे वर्षानुवर्षे जैसे थे राहतात, आणि 'आत्ता शस्त्रक्रिया केली नाही तर पाय जातील' ही भीती बहुतांशी निराधार असते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात शस्त्रक्रियेस तयार असलेल्या १६९ रुग्णांची दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटावर शस्त्रक्रिया करायची होती, तर दुसऱ्याला भौतिकोपचार द्यायचे होते. दोन वर्षांनंतर दोन्ही गटांची हालचालीची क्षमता जवळजवळ सारखी होती. अर्थात भौतिकोपचाराच्या गटातील निम्म्याहून अधिक रुग्णांनी मधल्या काळात शस्त्रक्रिया करून घेतली, हेही लक्षात ठेवले पाहिजे. मणक्यात दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनांबाबत २०१४ मधील ४०० रुग्णांच्या चाचणीचा निष्कर्ष उत्साहवर्धक नव्हता. केवळ भूल देणाऱ्या औषधाच्या तुलनेत स्टेरॉइड मिसळल्याने फारसा जादा लाभ दिसला नाही.

शस्त्रक्रियेचा मूळ हेतू तंतूंवरील दाब काढणे हा आहे. पारंपरिक 'लॅमिनेक्टॉमी'मध्ये मणक्याच्या मागील कमानीचा भाग आणि जाड झालेला अस्थिबंध काढला जातो. अलीकडे कमान बरीचशी शाबूत ठेवून एका किंवा दोन्ही बाजूंनी लहान खिडकी पाडून दाब काढण्याकडे कल आहे. यांतील कोणती रीत सरस, हे पाहण्यासाठी नॉर्वेतील ४३७ रुग्णांवर तीन पद्धतींची तुलना करण्यात आली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन वर्षांनंतर तिन्हींचे फळ सारखेच होते. शल्यविशारदाचा हात ज्या पद्धतीवर बसला आहे ती पद्धत, असे याचे व्यावहारिक उत्तर निघते. दुर्बिणीद्वारे केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेत छेद लहान असतो व रुग्ण लवकर हिंडू-फिरू लागतो. मात्र छेद लहान म्हणजे धोका नाही, असे समीकरण मांडता येत नाही.

खरा वाद आहे तो मणके जोडण्याच्या, म्हणजेच 'फ्यूजन'च्या शस्त्रक्रियेविषयी. यात दाब काढण्याबरोबरच स्क्रू व सळ्या बसवून दोन मणके हाडाच्या भरावाने कायमचे जोडले जातात. एक मणका दुसऱ्यावरून पुढे सरकला असेल, तर कमान काढल्यावर तो आणखी सरकेल, या तर्काने हा उपाय रूढ झाला. अमेरिकेतील वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्याच्या नोंदींनुसार २००२ ते २००७ या काळात गुंतागुंतीच्या फ्यूजनचे प्रमाण १५ पटींनी वाढले. त्याच नोंदींत जीवघेण्या गुंतागुंतींचे प्रमाण केवळ दाब काढलेल्यांत २.३ टक्के, तर गुंतागुंतीच्या फ्यूजनमध्ये ५.६ टक्के आढळले. स्वीडनमधील २४७ रुग्णांच्या चाचणीने २०१६ मध्ये दाखवून दिले की, मणका सरकलेला असो वा नसो, दोन वर्षांनंतर फ्यूजनचा जादा फायदा दिसत नाही. त्याच वर्षी ६६ रुग्णांच्या एका अमेरिकी चाचणीत मणका सरकलेल्या रुग्णांना फ्यूजनने थोडा अधिक लाभ झाल्याचे आढळले. २०२१ मध्ये नॉर्वेतील २६७ रुग्णांच्या चाचणीने पुन्हा केवळ दाब काढण्याच्या बाजूने कौल दिला. एकंदर पुरावा पाहता, वृद्ध रुग्णाला पहिल्याच भेटीत स्क्रू बसवण्याचा सल्ला मिळाल्यास 'दाब काढून भागणार नाही का' हा प्रश्न विचारणे रास्त ठरते. हालचालीगणिक मणका हलत असेल, कणा वाकडा झाला असेल किंवा तंतू मोकळे करण्यासाठी सांध्याचा मोठा भाग काढावाच लागणार असेल, तर फ्यूजनला पर्याय नसतो.

मणक्यांच्या मागील काट्यांमध्ये धातूची पाचर बसवण्याचा एक सोपा मार्गही मध्यंतरी पुढे आला होता. अमेरिकेत अशा पहिल्या साधनाला २००५ साली मान्यता मिळाली. परंतु पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण अधिक निघाल्याने तो उत्साह ओसरला.

शस्त्रक्रियेने पायांची वेदना जितकी कमी होते तितकी कंबरदुखी कमी होत नाही, हे रुग्णाला आधी सांगितलेले बरे. जुना बधिरपणा तर पूर्ण जाईलच असे नाही. अमेरिकेतील १३ केंद्रांवर झालेल्या आणि २००८ पासून निष्कर्ष प्रसिद्ध होत गेलेल्या एका मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रिया केलेल्यांना पहिली काही वर्षे स्पष्ट लाभ दिसला. पुढे चिठ्ठी टाकून विभागलेल्या रुग्णांत आठव्या वर्षापर्यंत हा फरक कमी होत गेला. तोवर सुमारे १८ टक्के रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया झाली होती. शस्त्रक्रियेदरम्यान तंतूंभोवतीचे आवरण फाटण्याचा प्रकार सुमारे ९ टक्के रुग्णांत घडला होता. ते बहुधा तेथल्या तेथे शिवले जाते व काही काळ पडून राहण्याव्यतिरिक्त रुग्णाला त्याचा त्रास होत नाही.

केवळ वय जास्त म्हणून शस्त्रक्रिया नाकारली जात नाही. हृदय, फुप्फुसे व मूत्रपिंडे यांची स्थिती, रक्तातील साखर आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांचा विचार वयापेक्षा महत्त्वाचा असतो. हाडे ठिसूळ असतील तर स्क्रूची पकड सैल पडते, आणि बिडी-सिगारेटमुळे मणके जुळण्यास बाधा येते. वृद्धांत शस्त्रक्रियेनंतरचे काही दिवस भ्रम होण्याची शक्यता असते. घरच्यांना याची पूर्वकल्पना नसल्यास ते विनाकारण धास्तावतात. दाब काढल्यानंतर रुग्णाला सहसा दुसऱ्या दिवशी चालवतात. फ्यूजननंतर मणके जुळून येण्यास काही महिने लागतात, आणि त्या काळात जमिनीवर मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे व भारतीय पद्धतीचे शौचालय वापरणे टाळण्यास सांगितले जाते. ग्रामीण घरांत ही सोय शस्त्रक्रियेपूर्वीच करून ठेवावी लागते.

आयुष्मान भारत योजनेत २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, प्रतिकुटुंब वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण देण्यात आले आहे. नियोजित शस्त्रक्रियेसाठी पूर्वमंजुरी आवश्यक असू शकते. त्यामुळे कोणती शस्त्रक्रिया व कोणते साहित्य मंजुरीत बसते, याची चौकशी दाखल होण्यापूर्वीच संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करावी.