आरएनए ग्रॅन्युल : एक नाव, चार प्रयोग

न्यूरॉनची मूळ अडचण भूगोलाची आहे. केंद्रक एका जागी बसलेलं, डेंड्राइटच्या फांद्या शेकडो मायक्रोमीटर लांब पसरलेल्या आणि त्यांच्यावर हजारो सायनॅप्स. यातल्या एखाद्याच सायनॅप्सला नवं प्रथिन हवं असेल, तर ते येतं कुठून? जुनं उत्तर सोपं होतं : पेशीकायेत बनतं आणि तिथून पाठवलं जातं. पण मग हजारोंमधून नेमका पत्ता कसा सापडणार?

आज आपण पटकन सांगतो की एमआरएनए ग्रॅन्युलमध्ये बांधून फांदीत नेला जातो आणि प्रथिन तिथेच बनतं. पेपर वाचायला बसलात की मात्र ‘हे कशावरून?’ असं विचारायला लागतं. म्हणून हा इतिहास.

१९६५ मध्ये डेव्हिड बोडियन यांना माकडाच्या मज्जारज्जूतल्या न्यूरॉनमध्ये सायनॅप्सच्या अगदी लगत रायबोसोम दिसले. माणूस सावध होता; पेपरच्या शीर्षकातच त्यांनी हा संबंध फक्त ‘सूचक’ असल्याचं म्हटलं. पुढे १९८२ मध्ये ऑस्वल्ड स्टीवर्ड आणि विल्यम लेवी यांनी हिप्पोकॅम्पसमध्ये दाखवलं की पॉलीरायबोसोम कसेही विखुरलेले नाहीत, ते डेंड्राइटवरच्या काट्यांच्या बुंध्याशी जास्त सापडतात. दोन निरीक्षणांमध्ये सतरा वर्षं गेली!

आता चूल दिसली म्हणजे स्वयंपाक झाला असं होत नाही. शिवाय तिथे शिजवायला काय आहे? १९८८ मध्ये गार्नर, टकर आणि मेटस यांना डेंड्राइटमध्ये मॅप२ या प्रथिनाचा एमआरएनए सापडला. या पेपरमधली खरी ताकद तुलनेत आहे. ट्युब्युलिनचा एमआरएनए मात्र पेशीकायेतच राहिला होता. एमआरएनए नुसता पसरत फांदीत गेला असता, तर दोन्ही गेले असते. म्हणजे निवड होतेय, आणि निवड करायला एमआरएनएवरची खूण ओळखणारं कोणीतरी हवं. आरएनएला बांधणारी प्रथिनं कथेत येतात ती इथे.

ग्रॅन्युल मात्र आधी न्यूरॉनमध्ये दिसले नाहीत. १९९३ मध्ये एंगर आणि जॉन कार्सन यांच्या गटाने मायलिन बनवणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइटमध्ये चमकणारा एमआरएनए टोचला. त्याचे ठिपके झाले आणि ते पेशीच्या फांद्यांमध्ये निघाले. १९९६ मध्ये नोल्स आणि केनेथ कोसिक यांच्या गटाने आरएनएला चिकटणारा रंग वापरून जिवंत न्यूरॉनमध्ये असे फिरणारे ठिपके दाखवले.

त्याच वर्षी ह्येजिन कांग आणि एरिन शूमन यांनी वेगळाच प्रश्न विचारला : या स्थानिक प्रथिनांची गरज तरी आहे का? बीडीएनएफ दिल्यावर हिप्पोकॅम्पसमधले सायनॅप्स बळकट होतात आणि त्यासाठी नवी प्रथिनं लागतात. त्यांनी पेशीकायांपासून फांद्यांचा भाग कापून वेगळा केला. तरी सायनॅप्स बळकट झाले. प्रथिननिर्मिती रोखल्यावर झाले नाहीत. ‘दिसतं’ पासून ‘लागतं’ पर्यंतची उडी या प्रयोगाने मारली.

मग ग्रॅन्युल करतो काय? २००१ मध्ये अ‍ॅना क्रिचेव्हस्की आणि कोसिक यांनी सेंट्रिफ्यूजमध्ये पॉलीसोमपेक्षाही जड असे ग्रॅन्युल वेगळे केले. त्यांच्यात रायबोसोम दाटीने भरलेले, पण भाषांतर सुरू करायला लागणारे घटक गायब. म्हणजे माल गप्प ठेवलेला. न्यूरॉन उत्तेजित केल्यावर मात्र एमआरएनए ग्रॅन्युलमधून पॉलीसोमकडे सरकले. २००४ मध्ये नोबुताका हिरोकावा यांच्या गटाने दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. किनेसिन केआयएफ५ या मोटरची शेपूट गळ म्हणून वापरून त्यांनी मोठा आरएनए-ग्रॅन्युल पकडला आणि त्यातली ४२ प्रथिनं ओळखली. त्यांत स्टॉफेन होतं आणि एफएमआरपीसुद्धा. हे एफएमआरपी नसलं की फ्रॅजाइल एक्स सिंड्रोम होतो, त्यामुळे हा विषय थेट माणसाच्या आजारापाशी पोहोचतो.

आता गंमत बघा. कार्सन गटाचा ग्रॅन्युल म्हणजे टोचलेल्या आरएनएचा ठिपका. नोल्स यांचा, रंगाने चमकणारा ठिपका. क्रिचेव्हस्कींचा, नळीच्या तळाशी बसलेला जड अंश. हिरोकावांचा, मोटरला लटकून आलेला माल. नाव एक, पण व्याख्या प्रत्येक वेळी पद्धतीने ठरवली. यांतलं काही एकच असेल, काही नसेलही. त्यात २००९ नंतर, कृमीतले पी ग्रॅन्युल द्रवाच्या थेंबासारखे वागतात हे कळल्यावर, ‘थेंब’ ही आणखी एक व्याख्या आली.

म्हणून या विषयावरचा पुढचा पेपर हातात घेतलात की निष्कर्षावर जाऊ नका. आधी ‘पद्धती’ उघडा आणि एका ओळीत लिहून काढा : या लोकांनी ग्रॅन्युल कशाला म्हटलंय? दोन पेपर एकमेकांविरुद्ध बोलताहेत असं वाटलं, तर भांडण बऱ्याचदा याच ओळीत सापडतं. आणि कधी कधी तुमच्या पीएचडीचा प्रश्नही.