पायीं आलेला पाहुणा

इ. स. १७८२ च्या मे महिन्यांत इकडे मराठे व इंग्रज यांच्यामध्यें सालबाईचा तह झाला. त्याच सुमारास तिकडे कार्ल फिलिप मॉरिट्स नांवाचा एक पंचविशींतला जर्मन गृहस्थ इंग्लंड पाहावयास निघाला. बर्लिनच्या एका शाळेंत तो शिक्षक होता. गरिबींत वाढलेला, लहानपणीं टोप्या करणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी केलेला. मिल्टनचें महाकाव्य खिशांत टाकून, रिचमंडपासून डर्बीशायरच्या डोंगरांतील प्रसिद्ध गुहेपर्यंत एकट्यानें, शक्य तों पायींच जावयाचें, असा त्याचा बेत होता. त्याचें प्रवासवर्णन १७८३ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांतील एकाच दिवसाची हकीकत मी आज सांगणार आहें.

आळंदीहून पंढरपुरास चालत जाणाऱ्याच्या पायांवर आपल्याकडे लोक डोकें ठेवतात. त्या काळच्या इंग्लंडांत प्रकार अगदीं उलटा होता. ज्याच्या गांठीं चार पैसे, तो घोड्यावरून किंवा भाड्याच्या गाडींतून जावयाचा. पायीं चालणारा म्हणजे भिकारी, भटक्या, नाहीं तर वाटमाऱ्या! हमरस्त्यावरील खाणावळींचें उत्पन्न गाड्यांच्या उतारूंवर अवलंबून असल्यामुळें चालकऱ्याची तेथें पर्वा कोण करणार? मॉरिट्स कुंपणाच्या सावलींत मिल्टन वाचीत बसला, कीं गाडींतील मंडळी त्याच्याकडे टक लावून पाहत आणि ‘याचें डोकें फिरलें आहे’ अशा खुणा करीत.

तो दिवस जूनमधील रविवारचा. आदल्या संध्याकाळीं नेटलबेड गांवच्या खाणावळींत त्याला स्वयंपाकघरांत बसविलें होतें व ‘मास्टर’ म्हणून हांक मारली होती. हें संबोधन तेथें शेतकऱ्यांकरितां असे. आम्हां मास्तरांनीं तें उगाच मनाला लावून घेऊं नये. सकाळीं त्यानें धुतलेला सदरा घातला मात्र, लगेच दिवाणखाना उघडला आणि ‘मास्टर’चा ‘सर’ झाला! चर्चमध्यें खोट्या शपथेच्या पापावर प्रवचन झालें. साधेंसुधें गांव त्याच्या मनांत इतकें भरलें कीं, तीनदां तो निघाला आणि तीनदां परत आला.

तेथून ऑक्सफर्ड सतरा-अठरा मैल. वाटेंत डॉर्चेस्टर लागलें. परंतु खिडक्यांतून केशभूषा केलेल्या स्त्रिया डोकावत होत्या, आणि घरांचा तो थाट पाहून तेथें बिऱ्हाड मागण्याचा त्याला धीर झाला नाहीं. पुढें न्यूनहॅमच्या खाणावळींत बिछाना साफ नाकारला. रात्र पडली. आतां शेतांतच अंग टाकावें असा विचार करीत तो चालला असतां मागून पावलें वाजलीं आणि, ‘सोबत चालेल का?’ असा प्रश्न आला. अंधारांत, त्या काळीं, हा प्रश्न कांहीं आनंदाचा नव्हे!

तो निघाला मॉड नांवाचा एक धर्मोपदेशक. डॉर्चेस्टरकडे प्रवचन करून तोहि पायींच ऑक्सफर्डला परतत होता. गांव आल्यावर, ‘मी दगडी बाकावर रात्र काढीन,’ असें मॉरिट्स म्हणाला. मॉडनें त्याला सरळ ‘मायटर’ नांवाच्या खाणावळींत नेलें. मध्यरात्र होत आलेली, आणि आंत झगेवाले पाद्री बिअरचे पेले घेऊन बसलेले! शुद्ध लॅटिन उच्चार, कट्टर धर्मनिष्ठा आणि दमदार चाल, या तीन गुणांसाठीं मॉडनें पाहुण्याची तोंड भरून स्तुति केली. मग, मद्यानें ईश्वराला आनंद होतो असें बायबलांत आहे कीं नाहीं, यावर वाद रंगला. न्यायाधीशांच्या पुस्तकांतील ती ओळ शेवटीं बायबल उघडून वाचून दाखविण्यांत आली! उजाडावयास आलें तेव्हां मॉडला आठवलें कीं, सकाळीं ऑल सोल्स कॉलेजांत प्रार्थना आपल्यालाच म्हणावयाची आहे. मॉरिट्सचा दुसरा दिवस डोकेदुखींत गेला.

न्यूनहॅमला ज्याला बिछाना मिळाला नाहीं तोच माणूस पांच मैलांवर विद्वानांच्या पंक्तीला बसला, तो लॅटिनच्या जोरावर. कारागिराकडचा तो उमेदवार पोरगा तसाच अशिक्षित राहिला असता, तर त्याचें काय झालें असतें? मला वाटतें, तो त्या रात्रीं शेतांतच झोंपला असता, आणि त्याची हकीकत आपल्यापर्यंत आली नसती.

पुढें आठच वर्षांनीं, १७९० सालीं, वर्ड्स्वर्थ हा कवि केंब्रिजमधील एका मित्रासह आल्प्सपर्यंत पायीं हिंडून आला. सुशिक्षितांत पायीं प्रवासाची आवड वाढली ती त्यानंतर. मॉरिट्स मात्र ऑक्सफर्डहून बर्मिंगहॅमपर्यंत गाडींतून गेला.