तांबं की अ‍ॅल्युमिनियम?

जुन्या अमेरिकन मसल कारला अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर बसवणं म्हणजे इतिहासाशी प्रतारणा, असं ठासून सांगितलं जातं. इतिहास तसं म्हणत नाही. 1964 च्या पॉन्टियाक जीटीओला तांब्या-पितळेचा रेडिएटर होता हे खरं. पण जनरल मोटर्सच्याच हॅरिसन विभागाने 1961 च्या कॉर्व्हेटला अ‍ॅल्युमिनियमचा दिला होता. तांबं उष्णता अधिक चांगली वाहून नेतं, हा आक्षेप रास्त आहे. मात्र अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या रुंद करता येतात, फिनांना जास्त पृष्ठभाग भिडतो, वजनही घटतं. तरीही टाकीच्या सांध्यावर नुसता हिरवट थर दिसला म्हणून मूळ रेडिएटर भंगारात घालू नये. त्याला डाख देता येतो. गाभाच कुजला असेल, तरच अ‍ॅल्युमिनियमचा घ्यावा आणि पंख्याभोवतीचं मूळ आवरण जागेवर ठेवावं.