‘नॉर्मल्सी’ची कुळकथा

दंगल शमली, पूर ओसरला किंवा संप मिटला, की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एक ठरलेले वाक्य येते : जनजीवन पूर्वपदावर आले. हे पूर्वपद नेमके कोणते आणि ते कोणाला सुखाचे होते, अशी चौकशी आपण सहसा करीत नाही. इंग्रजीत या जागी ‘नॉर्मल्सी’ हा शब्द येतो. या एका शब्दाने अमेरिकेतील एक निवडणूक गाजविली. त्या शब्दाची हकीकत आम्हांला येथे सांगावयाची आहे.

मूळ लॅटिन ‘नॉर्मा’ म्हणजे सुताराचा गुण्या. भिंत गुण्यात आहे की नाही हे आपला गवंडी ज्या काटकोनी पट्टीने पाहतो, तीच ती. गुण्यात बसेल ते ‘नॉर्मल’. भूमितीत लंबरेषेला आजही नॉर्मल म्हणतात, आणि गुण्याबाहेर गेलेले ते ‘एनॉर्मस’, म्हणजे अवाढव्य. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, १७९४ साली, पॅरिसमध्ये शिक्षक तयार करणारी ‘एकोल नॉर्माल’ निघाली. तिच्याच नात्याने एकोणिसाव्या शतकात आपल्याकडेही अशा शाळांना ‘नॉर्मल स्कूल’ म्हणू लागले. तेथे नॉर्मलचा अर्थ साधारण असा नव्हता, तर ज्यावरून इतरांनी कित्ता गिरवावा असा होता.

त्याच शतकात हा शब्द वैद्यांच्या आणि गणिततज्ज्ञांच्या हाती गेला. वैद्यांनी निरोगी प्रकृतीला नॉर्मल म्हटले. बेल्जियमच्या केतले या पंडिताने १८३५ साली ‘सरासरी माणसा’ची कल्पना मांडली, आणि सरासरी हाच जणू निसर्गाचा अभिप्रेत नमुना असे मानले. तेव्हापासून ‘बहुतेक जण असतात तसे’ आणि ‘असावे तसे’ हे दोन अर्थ या एका शब्दात बिऱ्हाड करून आहेत. आपल्या ‘चारचौघांसारखा’ या शब्दाचेही असेच आहे. मुलीसाठी स्थळ पाहताना तो गुण ठरतो. कवीबद्दल कोणी तो वापरला, तर त्या कवीने काय समजायचे ते समजावे!

आता १९२० सालाकडे वळू. पहिले महायुद्ध संपून दीड वर्ष झाले होते. अमेरिकेची एक लाखाहून अधिक माणसे त्यात कामी आली होती आणि पाठोपाठच्या इन्फ्लुएंझाने त्याच्या कितीतरी पट बळी घेतले होते. महागाई भडकली होती. १९१९ साली पोलादाच्या कारखान्यांतील लक्षावधी कामगारांनी संप केला, बोस्टनचे पोलीसच संपावर गेले, शिकागोत गोऱ्या-काळ्यांचा भीषण दंगा झाला. राष्ट्राध्यक्ष विल्सन पक्षाघाताने अंथरुणाला खिळले होते. अशा वेळी, १४ मे १९२० रोजी, ओहायोचे सिनेटर वॉरन हार्डिंग बोस्टनमध्ये बोलावयास उभे राहिले. देशाला आता पराक्रम नको, जखमा भरून यायला हव्यात. रामबाण म्हणून विकलेल्या औषधांची गरज नाही, ‘नॉर्मल्सी’ हवी, असे त्यांच्या म्हणण्याचे तात्पर्य होते. एकाच अक्षराने सुरू होणाऱ्या शब्दांच्या जोड्या लावीत त्यांनी हे सांगितले. पेशाने ते मेरियन या गावच्या वर्तमानपत्राचे संपादक होते. शब्दांची आतषबाजी त्यांना प्रिय होती.

विद्वानांनी लगेच नाके मुरडली. खरा शब्द ‘नॉर्मॅलिटी’ आहे, हे कुठले नवे रूप, असा आक्षेप निघाला. मेन्केनसारख्या टीकाकाराने हार्डिंग यांच्या इंग्रजीची यथेच्छ टर उडविली. वस्तुतः शब्द त्यांनी घडविलेला नव्हता. १८५७ च्या एका गणितकोशात तो सापडतो. आम्हांला तर या वादाची गंमत वाटते, कारण पंडित प्रत्ययावर भांडत राहिले आणि मतदारांनी अर्थ उचलला. नोव्हेंबरात हार्डिंग यांना शेकडा साठाच्या वर मते पडली. प्रतिनिधिमंडळाच्या मतांत त्यांची ४०४, तर प्रतिस्पर्धी कॉक्स यांची १२७. अमेरिकेतील सर्व राज्यांतील स्त्रियांना अध्यक्षपदासाठी मताधिकार मिळाल्यानंतरची ती पहिलीच निवडणूक होती, हेही ध्यानात ठेवावे. जुन्या घडीकडे परतण्याची हाक जिंकली, ती एका अगदी नव्या मतदारवर्गाला बरोबर घेऊन.

नॉर्मल्सी म्हणजे जुनी व्यवस्था नव्हे, अतिरेकाविना चालणारी नियमित घडी, असा खुलासा हार्डिंग यांनी केला होता. माणूस खुनशी नव्हता. युद्धविरोधी भाषणाबद्दल तुरुंगात असलेले समाजवादी पुढारी युजीन डेब्ज यांना विल्सननी सोडले नाही. हार्डिंगनी १९२१ च्या नाताळात सोडले. पण शब्द सोडला की तो बोलणाऱ्याचा राहत नाही. मे १९२१ मध्ये हार्डिंग यांच्याच सहीने परदेशी आगंतुकांवर मर्यादा घालणारा कायदा झाला. १९१० च्या शिरगणतीत ज्या देशाचे जितके लोक अमेरिकेत होते, त्यांच्या शेकडा तीन इतकेच दरसाल यावेत असे ठरले. हार्डिंग १९२३ साली वारले. १९२४ च्या कायद्याने ते प्रमाण शेकडा दोनवर आणले आणि मोजणीसाठी वर्ष घेतले १८९० चे! इटली, पोलंड, रशियाकडील लोक त्या साली फार थोडे होते, हेच त्यातले इंगित. पूर्वपद कोणते, याचे उत्तर असे सालवारीने लिहिले गेले.

हिंदी माणसाला तर १९१७ पासूनच दार बंद होते. जे आधी पोहोचले होते त्यांचे काय? पंजाबचे भगतसिंग थिंद अमेरिकेच्या सैन्यात राहिलेले. गोऱ्यांना नागरिकत्व देणाऱ्या कायद्यात आपण बसतो, कारण मानववंशशास्त्र उत्तर हिंदुस्थानच्या लोकांना कॉकेशियन म्हणते, असा त्यांचा दावा. फेब्रुवारी १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. न्यायमूर्ती सदरलंड यांनी निकालात शास्त्र बाजूला ठेवले आणि ‘गोरा’ शब्दाचा सामान्य माणसाला कळणारा अर्थ प्रमाण धरला. या न्यायमूर्तींची नेमणूक हार्डिंग यांनीच १९२२ साली केली होती. सामान्य माणूस हाच गुण्या ठरला, आणि थिंद गुण्याबाहेर!

या निकालाचा आधार घेऊन सरकारने इतर हिंदी लोकांना पूर्वीच दिलेले नागरिकत्वही काढून घेण्याचा सपाटा लावला. त्यात कॅलिफोर्नियातील वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही दावा झाला. पंडित १९१४ साली रीतसर नागरिक झालेले, त्यावर विसंबून वकिली, मालमत्ता आणि संसार उभा केलेला. आपण गोरे आहोत की नाही या वादात न अडकता, जे एकदा न्यायालयात ठरले ते इतक्या वर्षांनी उकरता येणार नाही, या मुद्द्यावर ते लढले. १९२६ साली अपील न्यायालयात ते जिंकले, आणि १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालात हात घालण्याचे नाकारले. हिंदी लोकांना नागरिक होण्याची कायद्याने मुभा मिळाली ती १९४६ साली, आणि तीही वर्षाला शंभर जणांच्या प्रवेशाची मर्यादा घालून.