धारावी बेट : दहिसरपासून जवळ आणि लांब

वसईची मोहीम आपण सगळ्यांनी परीक्षेपुरती पाठ केली होती. चिमाजी अप्पा, 1737 ते 1739, पोर्तुगीज, सुरुंग, आणि मे महिन्यात किल्ला ताब्यात. एवढं लिहिलं की पाचपैकी चार मार्क मिळायचे. पण त्या मोहिमेतलं एक नाव आपल्या वहीत कधी आलं नाही, आणि ते ठिकाण तर आपल्या अगदी समोर होतं.

ते नाव म्हणजे धारावी. माहीमजवळची नव्हे. दहिसर-बोरिवलीच्या पश्चिमेला, खाडीपलीकडे जी जमीन आहे, जिच्यावर मनोरी, गोराई, उत्तन, डोंगरी, चौक ही गावं आहेत, ते धारावी बेट. त्याच्या उत्तर टोकाला, चौकजवळ, वसईच्या खाडीच्या तोंडावर एक किल्ला होता. समोर वसई. इथे तोफा असल्या की समुद्रातून वसईला येणारी रसद रोखता येते. म्हणून या किल्ल्यासाठी दोन्ही बाजू पुन्हा पुन्हा लढल्या. 1739 च्या मार्चमध्ये मराठ्यांनी तो घेतला आणि दोन महिन्यांत वसई पडली.

आता मला आवडतो तो भाग. त्या काळी हे बेट आडबाजूचं नव्हतंच. वाहतूक समुद्रातून आणि खाडीतून होत होती, त्यामुळे उत्तन वाटेवर होतं आणि दहिसर आडवाटेला. 1864 मध्ये मुंबईहून गुजरातकडे रेल्वे सुरू झाली आणि चित्र उलटलं. रूळ खाडीच्या पूर्वेकडून गेले. मध्ये मिठागरं, तिवरं आणि पाणी. 1957 मध्ये दहिसर मुंबई महापालिकेच्या हद्दीत आलं, चाळी उठल्या, आपले आईवडील राहायला आले. बेट मात्र होतं तिथेच राहिलं. आमच्या धंद्यात अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, पोचायला किती वेळ लागतो त्यावर मोजतात. त्या हिशेबाने आपल्या लहानपणी उत्तन पुण्यापेक्षा फार जवळ नव्हतं.

आठवा, आपण कसे जायचो. बोरिवलीच्या जेट्टीवरून लाँच, मग टांगा. 1989 मध्ये एस्सेल वर्ल्ड सुरू झाल्यावर लाँचला गर्दी वाढली, पण ती सगळी पाळण्यांपाशीच उतरायची. दुसरा रस्ता भाईंदर पश्चिमेहून, मिठागरांच्या कडेने, अरुंद. दहिसरहून सरळ रेषेत 8-9 किलोमीटर, आणि रस्त्याने जवळपास दुप्पट.

गेल्या हिवाळ्यात मी एका रविवारी त्या रस्त्याने उत्तनला गेले. आता रस्ता पुष्कळ बरा आहे. किनाऱ्यावर रंगवलेल्या होड्या, त्यांच्यावर क्रूस आणि झेंडे, आणि वलांड्यांवर जोडीजोडीने तोंडात तोंड अडकवून टांगलेले बोंबील. इथले कोळी बहुतेक ख्रिस्ती, बोली मराठी. डोल जाळं भरती-ओहोटीच्या प्रवाहात लावायचं, त्यात बोंबील, जवळा, मांदेली मिळतात. बोंबील इतका पाणीदार मासा की तासाभरात बर्फ मिळाला नाही तर भाव उतरतो. उरलेला सुकवायचा, आणि त्याला हवी मोकळी, उन्हाची, वाऱ्याची जागा.

जाळं शिवत बसलेल्या एका मावशींना मी विचारलं, रस्ता चांगला झाल्याचा फायदा काय? त्यांनी आधी बर्फाची गाडी सांगितली. मग, बाळंतीण रात्री अडली तर आता भाईंदरला नेता येते, हे सांगितलं. ते ऐकल्यावर 'जुनं तेच छान होतं' असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही. मग त्यांनी डोंगराकडे बोट केलं. मीरा-भाईंदरचा कचरा त्याच रस्त्याने इथे वर येऊन पडतो.

रस्ता दोन्ही दिशांनी चालतो, आणि दुसऱ्या दिशेने काय येणार हे बेटावर कुणी ठरवत नाही. 2006-07 च्या सुमारास पर्यटनाच्या विशेष आर्थिक क्षेत्राचा बेत आला होता, तेव्हा गोराई, मनोरी, उत्तन एकत्र आले आणि तो बारगळला. मग मेट्रो 9 ची कारशेड डोंगरीला ठरली, तेव्हा त्यासाठी तोडाव्या लागणाऱ्या झाडांवरून वाद झाला. उत्तन-विरार सागरी सेतूला मच्छीमारांचा विरोध आहे, कारण खांब येणार तिथेच त्यांची जाळी लागतात. आणि आपल्या दहिसरहून भाईंदर पश्चिमेला, मिठागरांवरून, सुमारे 5 किलोमीटरचा उन्नत रस्ता व्हायचा आहे. तो झाला की चेकनाक्याला वळसा न घालता आपण उत्तनच्या रस्त्याला लागू. मला तो हवा आहे, हे खरं. रोज त्या नाक्यावर अर्धा तास जातो, कोणाला नको असेल?

पण मावशींनी शेवटी एक विचारलं, ते तुमच्यापैकी नगररचनेत, बांधकामात किंवा महापालिकेत आहेत त्यांच्यासाठी इथे लिहून ठेवते. वलांड्या उभ्या आहेत ती जागा नकाशात कोणत्या रंगाने दाखवली आहे? घर दाखवतात, देऊळ-चर्च दाखवतात, बीच दाखवतात. मासे सुकवायची जागा त्यांना मोकळी जमीन वाटते. मी घरी येऊन फोनवरच्या नकाशात पाहिलं. तिथे काहीच रंगवलेलं नव्हतं.