मराठी वाक्प्रचारांतील इतिहास : स्मृती, निवाडा आणि पुरावा

प्रस्तावना :
इंग्रजी भाषेत अखेरच्या व निर्णायक पराभवास ‘वॉटर्लू’ असे म्हटले जाते. १८ जून १८१५ रोजी वॉटर्लू येथे नेपोलियनचा पराभव झाला आणि त्याची सत्ता कायमची संपुष्टात आली. त्यामुळे या शब्दप्रयोगाचा अर्थ आणि मूळ घटना यांत विसंगती आढळत नाही. मराठीतील इतिहासजन्य वाक्प्रचारांविषयी मात्र असे सरसकट म्हणता येईल काय? प्रस्तुत लेखात चार परिचित वाक्प्रचारांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

पानिपत होणे :
१४ जानेवारी १७६१ रोजी अहमदशहा अब्दालीने मराठ्यांचा पराभव केला. सदाशिवरावभाऊ व विश्वासराव धारातीर्थी पडले. तेव्हापासून ‘पानिपत’ म्हणजे सर्वनाश, असा अर्थ रूढ झाला. तथापि दहा वर्षांनी, १७७१ मध्ये, महादजी शिंदे यांच्या नेतृत्वाखाली मराठी फौजा पुन्हा दिल्लीत दाखल झाल्या. वाक्प्रचाराने त्या दिवसाचा शोक जपला. त्यानंतरचे पुनरुत्थान मात्र त्याच्या कक्षेबाहेर राहिले.

साडेतीन शहाणे :
पुण्याचे सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे व निजामाचे दिवाण विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण शहाणे, तर नाना फडणवीस अर्धे, अशी ही परंपरागत गणना आहे. नाना मुत्सद्दी असले तरी योद्धे नव्हते, म्हणून ते अर्धे, असे स्पष्टीकरण दिले जाते. मराठवाड्याच्या दृष्टीने ही गणना विशेष महत्त्वाची आहे. विठ्ठल सुंदर हे आजच्या बीड जिल्ह्यातील गोदाकाठच्या राक्षसभुवन येथे १७६३ मध्ये पेशव्यांविरुद्ध लढताना मारले गेले. पुणे दरबाराच्या या शत्रूला मराठी भाषेने आपल्या शहाण्यांत मानाचे स्थान दिले. परभणी तालुक्यातील पिंगळीसारखी गावे १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. परंतु राज्याची सीमा ही भाषेच्या स्मृतीची सीमा ठरली नाही.

शिक्कामोर्तब होणे :
या वाक्प्रचाराचा उगम एखाद्या प्रसंगात नसून दप्तराच्या पद्धतीत आहे. मराठेशाहीतील राजपत्राच्या शिरोभागी मुख्य शिक्का उमटवीत आणि मजकूर संपताच ‘मोर्तब’ ही लहान मुद्रा करीत. मजकूर येथे संपला, यापुढे भर घालता येणार नाही, असा तिचा आशय असे. दोन्ही शब्द अरबी-फारसीतून आलेले असून, एखाद्या गोष्टीस अंतिम मान्यता मिळणे हा आजचा अर्थ त्या व्यवहारातूनच सिद्ध झाला आहे.

ध चा मा करणे :
३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी रघुनाथरावांना दोषी ठरविले. लोकपरंपरेने मात्र ‘धरावे’ या शब्दाचे ‘मारावे’ असे रूपांतर करण्याचा दोष आनंदीबाईंवर ठेवला. खून निर्विवाद आहे. अक्षरबदलाची कथा निर्विवाद नाही. तरीही अडीचशे वर्षे हा वाक्प्रचार जेव्हा जेव्हा उच्चारला जातो, तेव्हा तेव्हा एका स्त्रीवरील आरोप पुराव्यावाचून पुन्हा सिद्ध मानला जातो. न्यायासनाने ज्याला दोषी ठरविले, त्याचे नाव मात्र त्या उच्चारासरशी आठवत नाही.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे दिसते की, वाक्प्रचार दोन प्रकारचे असतात. ‘शिक्कामोर्तब’सारखे वाक्प्रचार लुप्त झालेल्या व्यवहाराचे अवशेष होत, ते अभ्यासकाला साधन म्हणून उपयोगी पडतात. ‘पानिपत’ किंवा ‘ध चा मा’ यांसारखे वाक्प्रचार हे समाजाने दिलेले निवाडे होत. त्यांतून घटनेपेक्षा त्या घटनेविषयीची लोकभावना अधिक कळते. वर्गात वाक्प्रचाराचा अर्थ सांगताना त्याची कथाही सांगितली जाते आणि ती विद्यार्थ्याच्या मनात इतिहास म्हणूनच रुजते. म्हणून कथा जरूर सांगावी. परंतु तिच्यातील सिद्ध भाग कोणता आणि ऐकीव कोणता, हे त्याच तासाला स्पष्ट करणे हे भाषेच्या व इतिहासाच्या अध्यापकांचे समान कर्तव्य आहे.