औंढ्याचा कान

1993 साली अनंत चतुर्दशीला आम्ही गणपती बोळवले आणि दमूनभागून झोपलो. मी तेव्हा शाळेत होतो. 30 सप्टेंबरच्या पहाटे, चाराला चार मिनिटे कमी असताना, फळीवरची भांडी खडखडली आणि आईने मला दंडाला धरून अंगणात ओढले. आमच्या घराचे तेवढ्या भीतीवरच निभावले. लातूरपलीकडे किल्लारी-सास्तूरकडे मात्र दगडमातीच्या जाड भिंतींनी झोपेतल्या माणसांवरच झेप घेतली. मृतांचा आकडा 8 ते 10 हजारांच्या घरात सांगतात. दख्खनचे पठार म्हणजे अढळ, असे आम्हाला शाळेत पढवलेले होते. त्यानंतर कितीतरी रात्री आमची गल्ली अंगणात बाजा टाकून निजली.

म्हणून, विश्वातली अतिसूक्ष्म थरथर ऐकणारे यंत्र हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ उभे राहणार, कारण तेथली भूमी शांत आहे, असे वाचले तेव्हा मला हसू आले. ते हसू अज्ञानाचे होते हे कबूल करतो. मॅट्रिकपलीकडे मी विज्ञान शिकलेलो नाही. जे सांगतो आहे ते वाचून, विचारून गोळा केलेले आहे.

1916 साली आइन्स्टाइनने भाकीत केले की प्रचंड वस्तुमाने एकमेकांभोवती फिरली की अवकाशालाच लहरी सुटतात. त्या वेळी आमचे गाव निजामाच्या राज्यात, मोमिनाबाद या नावाने नांदत होते. लहरी इतक्या क्षीण की त्या कधी सापडतील यावर पुष्कळांचा विश्वास नव्हता. अखेर 14 सप्टेंबर 2015 रोजी अमेरिकेतल्या दोन लायगो यंत्रांनी एक लहर पकडली. 130 कोटी प्रकाशवर्षे दूर, सूर्याच्या सुमारे 36 आणि 29 पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एक झाली होती. तिघा सूर्यांइतके वस्तुमान लहरींच्या रूपाने उधळले गेले, आणि आपल्याकडे पोचला तो सेकंदाच्या पाचव्या भागाएवढा हुंकार! काटकोनात पसरलेल्या 4-4 किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या. त्यांतून धावून आरशांवरून परतणारे प्रकाशकिरण. लहर आली की दोन्ही नळ्यांच्या लांबीत फरक पडतो, पण तो प्रोटॉनच्या रुंदीच्या शंभराव्या भागाहूनही कमी.

अशी खूण गोंगाटातून वेचायची कशी? येथे आपल्या पुण्याचे नाव येते. डॉ. जयंत नारळीकरांनी 1988 साली उभारलेल्या आयुका या संस्थेत डॉ. संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी, लहर कोठे सापडलेलीही नसताना, हीच वेचणीची गणिते मांडत बसले होते. जत्रेच्या गलक्यात आई आपल्या लेकराचा आवाज ओळखते, कारण तो तिच्या कानात आधीच बसलेला असतो. तसे हवे त्या लहरीचे रूप आधी गणिताने काढायचे, आणि मग नोंदीशी ताडून पाहायचे. पंचवीस वर्षे कोणी न पाहिलेल्या गोष्टीची तयारी करीत राहणे, याला काय म्हणावे? आमच्या अंबाजोगाईच्या दासोपंतांनी पंचमहाभूतांचा पसारा कापडाच्या सुमारे 40 फूट लांब पासोडीवर लिहून काढला. तसलीच ही चिकाटी.

अमेरिकेतली दोन यंत्रे असताना तिसरे, चौथे कशाला, हा प्रश्न आपल्या मनात आला असेल. दोन यंत्रांना आवाज कळतो, दिशा नीट कळत नाही. 17 ऑगस्ट 2017 रोजी दोन न्यूट्रॉन तारे धडकल्याची लहर आली. अमेरिकेत ती स्पष्ट होती. इटलीतल्या व्हर्गो यंत्राला जवळजवळ ऐकूच आली नाही. त्या न ऐकण्यावरूनच कळले की तारे व्हर्गोच्या अंध कोपऱ्यात होते. दुर्बिणी तिकडे वळल्या आणि 13 कोटी प्रकाशवर्षांवरची ती धडक दिसलीही. तिच्या प्रकाशात सोन्यासारखी जड मूलद्रव्ये घडल्याच्या खुणा मिळाल्या. धनत्रयोदशीला आपण पुजतो त्या सोन्यातले पुष्कळसे अशाच धडकांतून जन्मलेले असावे. असो.

2016 च्या फेब्रुवारीत, ती पहिली वार्ता जाहीर झाल्यावर सहाच दिवसांत, भारताच्या यंत्राला तत्त्वतः मान्यता मिळाली. सुमारे 2,600 कोटी रुपयांची अंतिम मंजुरी यायला मात्र एप्रिल 2023 उजाडले. सरकारी कागदाची गती प्रकाशाची नसते.

10 जुलै 2024 रोजी सकाळी हिंगोलीकडेच 4.5 तीव्रतेचा धक्का बसला. नांदेड, परभणीपर्यंत माणसे घराबाहेर आली. दुसऱ्या दिवशी पाचवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, औंढ्याची जमीन अशी हालली तर यंत्राला काय वाटंल?"

मी फळ्यावर आकृती काढली. आरसा 40 किलोचा. तो एकाखाली एक अशा चार लोलकांच्या टोकाला काचेच्या तंतूंवर टांगलेला, म्हणजे जमिनीची नेहमीची थरथर त्याच्यापर्यंत पोचू नये. मोठा धक्का बसलाच तर यंत्र काही काळ गप्प बसेल. पण औंढ्याची थरथर औंढ्यालाच नोंदली जाईल. आकाशातली लहर मात्र अमेरिकेत आणि इटलीतही, काही हजारांश सेकंदांच्या अंतराने उमटेल.

"म्हंजी साक्षीदार एक नको," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "आपला कधी हुणार?"

"2030 च्या सुमारास, असे म्हणतात."

त्याने बोटे मोजली. "तवर माझी धाव्वी झालेली असंल," म्हणाला, आणि फळ्यावरची आकृती वहीत उतरवू लागला.